मंगळवार-शनिवारच्या गांधी

बडोद्याच्या घडियाळी पोळमध्ये चारुलता निंबाळकरचं खासगी तपासाचं ऑफिस आहे, पण पाटी शोधत गेलात तर सापडायचं नाही. खाली बांगड्यांचं दुकान, शेजारून अरुंद जिना आणि वर एका खोलीत दोन टेबलं, की झालं ऑफिस. पूर्वी खाली तिच्या वडिलांचं औषधांचं दुकान होतं. ते बंद होऊन पंधरा वर्षं झाली, तरी जिना चढताना भास्कररावांना अजून टिंक्चरचा वास येतो. चारुलता म्हणते, सर, तो वास जिन्याला नाही, तुमच्या डोक्यात आहे. म्हणेना का बापडी.

भास्करराव तिचे शाळेतले मराठीचे सर. निवृत्तीनंतर घरी सुनेच्या पायात पायात करण्यापेक्षा ते इथे फाइली लावतात आणि चारुलता तपासाला निघाली की तिच्या स्कूटरवर मागे बसतात. शाळेत एकदा ते तिला 'ढ' म्हणाले होते. आता दर आठवड्याला ती पाळी त्यांच्यावर येते.

गुरुवारी सकाळी वैष्णवी जिना चढून आली, तेव्हा भास्कररावांना वाटलं, ती तिच्या मुलीच्या, पूर्वीच्या, शाळेचं काही विचारायला आली असेल. वैष्णवी ही दत्ताजीरावांची सून. दत्ताजीराव म्हणजे भास्कररावांचा साठ वर्षांचा दोस्त. दर मंगळवारी आणि शनिवारी दुपारी कारेलीबागेत त्यांच्याकडे पत्त्यांचा डाव बसतो. परवाही बसला होता.

"काका," वैष्णवी म्हणाली, "घरी म्हणतात, मी बाबांना विष घालते."

भास्कररावांच्या हातातली फाइल तशीच राहिली. चारुलताने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

दत्ताजीरावांच्या अंगावर दीड वर्षापासून गांधी उठत. लाल, फुगीर, जीव नकोसा करणारी खाज, आणि काही तासांत मागे डाग न ठेवता गायब. घरातले त्याला पित्त म्हणत, आमसुलाचं पाणी लावत. शेवटी वैष्णवीच त्यांना त्वचेच्या डॉक्टर नीरजा यांच्याकडे घेऊन गेली. त्यांनी हा जुनाट आजार आहे म्हणून रोजची एक गोळी दिली, आणि काय खाल्लं, कधी उठलं, हे वहीत लिहायला सांगितलं. वैष्णवी नेमाने लिहीत होती. बरं चाललं होतं.

तीन महिन्यांपूर्वी बिनसलं. मंगळवारी आणि शनिवारी, रात्रीचं जेवण होतं न होतं तोच अंग फुलायला लागलं. वर दंडांवर निळेकाळे डाग, आणि दाढी करताना कापलं तर रक्त लवकर थांबेना.

घरात दत्ताजीरावांची विधवा थोरली बहीण असते, कमळाबाई. त्या मंगळवारी आणि शनिवारी दुपारभर भजनाला जातात. म्हणजे नेमके त्याच दोन दिवशी स्वयंपाकघर एकट्या वैष्णवीच्या हातात. गेल्या शनिवारी दत्ताजीरावांचे ओठ सुजले, आणि रविवारी कमळाबाईंनी माळा उपसला. डाळीच्या डब्यामागे उंदरांच्या औषधाचं खोकं निघालं. दोन वड्या कमी. उंदराच्या औषधाने रक्त पातळ होतं हे कुणालाही ठाऊक असतं. मग ती वही सापडली, तारीखवार.

"आत्या म्हणाल्या, विष घालते आणि वर गुण आला का ते लिहून ठेवते."

रविवारपासून वैष्णवीला स्वयंपाकघर बंद होतं. तरी मंगळवारी गांधी उठल्याच. त्यावर कमळाबाईंचं उत्तर तयार होतं, विष रक्तात मुरलंय. येत्या रविवारी वैष्णवीचा दादा धुळ्याहून तिला न्यायला येणार होता. सात वर्षांची पूर्वी मात्र इथेच राहील, असं तिला सांगण्यात आलं होतं.

"आणि राजवर्धन काय म्हणतो?" भास्कररावांनी विचारलं. राजवर्धन तिचा नवरा.

"काहीच म्हणत नाहीत, काका. तेच तर."

भास्कररावांची मान खाली गेली. मंगळवारी कमळाबाई घरी होत्या, आणि त्यांना पत्त्यांचा तिटकारा, म्हणून डाव सोसायटीच्या बाकावर मांडला होता. वर गॅलरीत ही पोरगी उभी होती. डोळे सुजलेले दिसले होते. त्यांनी आपलं पान टाकलं होतं.

चारुलताने वही मागितली. मग म्हणाली, घरात काही विचित्र दिसलं असेल, अगदी फालतू वाटलं तरी सांग. वैष्णवी विचार करून म्हणाली, पावसाळ्यात एकदा बाबांचा सदरा धुवायला घेतला, खिशात तुमच्या डावातल्या जनुकाकांच्या चूर्णाची दमटलेली पुडी होती. हॉटेलात सिरक्यातले कांदे देतात ना, तसा वास येत होता. फेकून दिली.

"सारू, ठीक आहे," चारुलता म्हणाली. "रविवारपर्यंत बॅग भरू नकोस."

दुपारी दोघं कारेलीबागेत गेले. कमळाबाईंनी दार उघडलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं. बाई वाईट नव्हत्या. भावाला त्यांनीच लहानाचा मोठा केला होता, आणि त्याच्या अंगावरचे डाग दाखवताना त्यांचा आवाज कापत होता. ज्याला मी मांडीवर खेळवलं त्याला माझ्या डोळ्यांसमोर मरू देऊ का, असं त्यांनी विचारलं.

राजवर्धनला चारुलताने गॅलरीत नेलं, भास्करराव मागोमाग गेले. उंदरांचं औषध कोणी आणलं, एवढंच विचारलं. त्याने खाली पार्किंगकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, मीच. उंदीर स्कूटरच्या वायरी कुरतडत होते, दोन वड्या खाली पार्किंगमध्ये ठेवल्या. आत्याला तसं सांगितलंही, तर ती म्हणाली, बायकोला पाठीशी घालतोस.

"मग?"

"मग गप्प बसलो."

भास्कररावांना त्याच्या मुस्कटात द्यावीशी वाटली. मंगळवारचा बाक आठवला आणि हात खिशातच राहिला.

दत्ताजीराव आतल्या खोलीत पलंगावर ताठ बसले होते. त्यांचे आजोबा संस्थानच्या पागेत होते. घोड्यावरून पडून बरगडी मोडली तरी तीन दिवस घरात कुणाला बोलले नव्हते, ही गोष्ट दत्ताजीराव अजून छाती काढून सांगतात. स्वतः रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर. दुखणं चारचौघांत मांडू नये, हे त्यांचं ब्रीद. ती गांधींची गोळीसुद्धा सून समोर उभी राहायची म्हणून घ्यायचे.

दुसरी कसली गोळी, दुखण्याची वगैरे, घेता का, असं चारुलताने विचारलं. नाही. डॉक्टरही दर खेपेला हेच विचारतात, म्हणाले, आणि दर खेपेला नाही सांगतो. दत्ताजीराव खोटं बोलणाऱ्यांतले नव्हेत.

त्यांच्या परवानगीने तिने कागदांची फाइल चाळली आणि भास्कररावांना समजावून सांगितलं. तीन महिन्यांपूर्वी रक्ताची डी-डायमर नावाची चाचणी केलेली, आकडा वाढलेला. शरीरात कुठे रक्त गोठत असलं की हा आकडा वाढतो. दुसऱ्याच दिवशी पायांची सोनोग्राफी, ती स्वच्छ, गाठ कुठेही नाही. मग दहा दिवसांपूर्वी पुन्हा डी-डायमर, आकडा आणखी वर. त्याच दिवशी, डाग दिसले म्हणून, रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची चाचणी. ती अगदी नॉर्मल.

"म्हणजे रक्त गोठतंय की पातळ होतंय?" भास्कररावांनी विचारलं.

"तेच कोडं आहे, सर."

रिपोर्ट कोण आणायचं, असं तिने विचारलं. दोन्ही वेळा जनूने आणले, दत्ताजीराव म्हणाले, प्रतापनगरहून येताना लॅब वाटेतच पडते. आणि सोनोग्राफी? ती मी एकटाच करून आलो. काही निघालंच नाही, तर कुणाला काय सांगायचं?

निघता निघता ते भास्कररावांना म्हणाले, हल्ली जन्याचं चूर्ण फार आंबट लागतं रे, जीभ चरचरते. भास्करराव म्हणाले, छे, मला तर गोडच लागतं. तुला बिनसाखरेचं देतो ना तो, म्हणून असेल.

शुक्रवारी प्रतापनगर. स्कूटर रेल्वे क्वार्टर्सच्या रस्त्याला वळली आणि भास्कररावांचं वय पन्नास वर्षांनी उतरलं. इथेच सकाळच्या भोंग्याला घड्याळं लावली जात. इथेच चौघं जण कारखान्याच्या भिंतीवर बसून छोट्या लाइनची इंजिनं मोजत, भास्कर, दत्ता, जनू आणि सुभान. सुभानराव दत्ताजीरावांचा चुलतभाऊ. चौघांचा मेंढीकोट चाळीस वर्षं चालला. दोन वर्षांपूर्वी सुभान गेला, तेव्हापासून तिघं तीन-दोन-पाच खेळतात. त्या खेळाला तिघंच लागतात, एवढंच त्याचं कौतुक.

जनार्दन रेल्वेच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. औषधाच्या बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवणारा बडोद्यातला शेवटचा माणूस तोच असेल. लोक डॉक्टरपेक्षा त्याला जास्त विचारत. आताही तो ओसरीवर पुड्या बांधत बसला होता. प्रत्येक डावानंतर चहाबरोबर तो दोस्तांना पाचक चूर्ण देतो. बोटं अजून तशीच चालतात, कागद, चिमूट, घडी, घडी. एका पुडीचा कोपरा त्याने दुमडला.

"ही दत्त्याची, बिनसाखरेची," तो म्हणाला. "खूण नसली की घोटाळा होतो."

चारुलताने इकडच्या तिकडच्या गोष्टी काढल्या. श्रावणात नात झाली म्हणून दहा दिवस सुरतेला होतो, असं त्याने आनंदाने सांगितलं. मग भास्कररावांनी वैष्णवीचं सांगितलं. जनार्दनची बोटं थांबली. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"पोरगी सोन्यासारखी आहे," तो म्हणाला. "तिने काही केलेलं नाही. उद्या मी येतो आणि कमळाआक्कांशी बोलतो." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "दत्त्याचे पाय सुजलेत का रे?"

नाही, भास्करराव म्हणाले. जनार्दनने मान डोलावली आणि पुढची पुडी घेतली.

परतताना चारुलताने सुभानरावांबद्दल विचारलं. भास्कररावांनी त्याबद्दल कुणाशी बोलणं सोडलं होतं. पण मागे बसलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही, म्हणून बोलले. सुभान बसने रामेश्वर करून आला, दोन-दोन दिवस बसून प्रवास. पोटरी सुजली होती. जनू म्हणाला, चमक भरलीय, आणि त्याने चोळून दिलं. बाम भास्कररावांनी आणला होता. तिसऱ्या दिवशी सुभान गेला. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली, असं नंतर डॉक्टर म्हणाले. जनूने ते मनाला लावून घेतलं. त्या दिवसापासून त्याने कुणाच्या पायाला हात लावला नाही.

ऑफिसात येताच चारुलताने वही उघडली आणि श्रावणातली पानं काढली.

शनिवारी दुपारी कारेलीबागेत सगळे बसले होते. दत्ताजीराव, कमळाबाई, राजवर्धन, दाराशी वैष्णवी, आणि खिडकीजवळ जनार्दन. चारुलताने त्याच्याकडून कोपरा दुमडलेली पुडी मागून घेतली आणि समोर ठेवली.

"आत्या, वहीतले दिवस तुम्ही बरोबर पकडलेत," तिने सुरुवात केली. "मंगळवार आणि शनिवार. तुम्ही भजनाला जाता ते दिवस. पण तुम्ही घरी नसता, म्हणूनच त्या दिवशी इथे पत्ते बसतात. एकाच दिवशी दोन गोष्टी होतात, आणि तुम्ही एकीकडेच पाहिलंत. वहीत श्रावणातला एक मंगळवार आणि एक शनिवार कोरा आहे. तेव्हा तुम्ही भजनाला गेला होतात, स्वयंपाक वैष्णवीने केला होता. सुरतेला गेले होते ते जनुकाका. आणि या मंगळवारी वैष्णवीने चूलही पाहिली नाही, पण डाव बसला, चूर्ण खाल्लं गेलं, आणि गांधी उठल्या."

जनार्दनने मान वर केली.

"उंदरांचं औषध पोटात गेलं असतं, तर रक्त गोठण्याचा वेळ लांबला असता. ती चाचणी नॉर्मल आहे. तरी डाग पडतात, रक्त थांबत नाही. तो वेळ न लांबवता रक्त पातळ करणारं एक साधं औषध आहे, अ‍ॅस्पिरिन. चव आंबट, जीभ चरचरते. दमट हवेत राहिलं की त्याला सिरक्याचा वास येतो. माझ्या वडिलांच्या दुकानात उघड्या राहिलेल्या बाटलीला यायचा." तिने पुडी उघडून भास्कररावांपुढे धरली. भास्कररावांनी वास घेतला आणि त्यांना जनार्दनकडे पाहवेना.

"पण का?" राजवर्धन म्हणाला. "जनुकाका कशाला..."

"कारण रिपोर्ट त्यांनी आणले. गाठीची शंका दाखवणारा आकडा त्यांनी वाटेतच वाचला. सगळे मला गांधींबद्दल सांगत होते, काल त्यांनी एकट्यानेच पाय सुजलेत का, म्हणून विचारलं. त्यांना एक दोस्त तसा गेलेला दिसत होता, दुसरा जाऊ द्यायचा नव्हता. बाबा गोळी म्हटली की नाक मुरडतात, म्हणून चूर्णातून दिली. मागच्या आठवड्यात आकडा आणखी वाढलेला दिसला, तेव्हा मात्रा वाढवली. ओठ सुजले ते त्याच शनिवारी. बरोबर ना, काका?"

"दुप्पट केली," जनार्दन म्हणाला. त्याचा आवाज जेमतेम ऐकू आला. "डाग दिसले तेव्हा बरं वाटलं मला. वाटलं, लागू पडतंय. आठवड्यातून दोनदा पुरतं, असर टिकतो. पण मग तो आकडा का वाढला?"

चारुलता उठून त्याच्याजवळ जाऊन बसली. डॉक्टर नीरजांना तिने हेच विचारलं होतं, दत्ताजीरावांना विचारूनच.

"तो आकडा गांधींचाच होता. गांधी उठतात तेव्हा कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपतो आणि तिथे रक्त गोठवणारी यंत्रणा जागी होते. त्या गडबडीत जे द्रव्य तयार होतं ते वाहिन्यांना आणखी सैल करतं, म्हणजे आणखी गांधी. गोठलेलं तिथल्या तिथे विरतं, त्याचा चुरा रक्तात येतो आणि डी-डायमर वाढतं. आजार जितका चेवतो तितका आकडा वर. पायात गाठ नसतानाही. आणि जुन्या गांधी असलेल्या काही जणांना अ‍ॅस्पिरिन सोसत नाही, ते आजार भडकवतं. तुम्ही पुडी दिलीत की गांधी वाढल्या, गांधी वाढल्या की आकडा, आकडा वाढला की पुडी."

जनार्दनने तोंडावर रुमाल धरला.

"पायांचा फोटो स्वच्छ होता, जन्या," दत्ताजीराव म्हणाले.

"केव्हा काढलास?"

"तेव्हाच, तीन महिन्यांपूर्वी. दुसऱ्या दिवशी."

"मला का नाही सांगितलंस?"

साठ वर्षांत दत्ताजीरावांनी जनार्दनला स्वतःच्या दुखण्याविषयी एक अक्षर सांगितलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "मला विचारायचं होतंस," ते शेवटी म्हणाले. "विचारलं असतंस तर घेतली नसती. पण सांगितलं असतं."

"सुभानलाही मी विचारलं नव्हतं," जनार्दन म्हणाला. "नुसतं चोळलं."

"बाम मी आणला होता," भास्करराव म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य तिघांच्या समोर उच्चारलं गेलं. मग तिघंही म्हातारे रडले, उघड उघड, आणि कमळाबाईंनी पदराने डोळे पुसत तोंड फिरवलं.

त्याच पदराने हात झाकून त्या वैष्णवीपुढे उभ्या राहिल्या. चुकलं माझं, म्हणाल्या. मोठ्या माणसाचं चुकलं की ते मोठंच चुकतं. दत्ताजीराव म्हणाले, सूनबाई, दादाला फोन करून सांग, येऊ नकोस. आज तू काही कर, मी जेवतो. सगळ्यांना वाटलं, झालं, मिटलं. भास्कररावांनाही तसंच वाटलं.

"दादा येईल, बाबा," वैष्णवी म्हणाली. "मी उद्या जाते. पूर्वीलाही नेते."

राजवर्धन उभा राहिला. आता काय झालं, आता तर सगळं उलगडलं, असं काहीतरी पुटपुटला. मग म्हणाला, मी येतो सोडायला.

"सोडायला नको," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "चारुबेनना चार दिवस कुणी विचारलं नाही, मला विचारावं लागलं. तुम्हाला खोकं कुणी आणलं ते माहीत होतं. बाबांना वही का लिहिते ते माहीत होतं, डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं होतं. काकांनी मला गॅलरीत पाहिलं होतं. जनुकाका सोडून सगळ्यांना काही ना काही माहीत होतं, आणि ज्यांना माहीत नव्हतं तेच काल म्हणाले, तिने काही केलेलं नाही."

भास्कररावांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"पंधरा दिवसांनी नवरात्र बसतं," ती पुढे म्हणाली. "मला यायचं आहे, माझं घर आहे हे. पण मी आपली आपण येणार नाही. न्यायला या. सगळे या. आणि माझ्या आईच्या घरी बसून, तिच्यासमोर सांगा, मला का पाठवलं होतं ते."

कमळाबाईंनी भावाकडे पाहिलं. जो माणूस घरचं दुखणं शेजारच्या खोलीतही नेत नव्हता, त्याला ते धुळ्याला नेऊन परक्या ओसरीवर मांडायचं होतं. दत्ताजीरावांनी बाहीखाली दंड खाजवला. मग त्यांनी राजवर्धनला घटस्थापनेच्या आदल्या दिवसाची तिकिटं काढायला सांगितली.

"किती?" राजवर्धनने विचारलं.

दत्ताजीरावांनी खोलीतली माणसं मोजली. कमळाबाई, राजवर्धन, भास्कर, जनू आणि स्वतः.

"जायची पाच," ते म्हणाले. "यायची सात."